चाल तपासायला फोनचा स्लो-मोशन कॅमेरा: कुठे पुरतो, कुठे फसवतो

निकाल आधीच सांगायचा तर फोनमधला सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा स्लो-मोशन कॅमेरा हे ओपीडीत चाल तपासण्याचं फार चांगलं साधन आहे. पण ते दोन कामांपुरतंच: डाव्या-उजव्या पायाच्या वेळांची तुलना आणि उपचाराआधीची व नंतरची नोंद. पेशंटला नेमकं काय झालंय, हे अजूनही तपासणीच्या टेबलावरच ठरतं.

फ्रेमचं गणित समजलं की साध्या व्हिडिओत काय हुकतं ते लक्षात येतं. प्रौढ माणसाच्या चालीचं एक आवर्तन साधारण एका सेकंदाचं. त्यातला ६० टक्के वेळ पाय जमिनीवर टेकलेला असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. समजा, दुखरा पाय ०.५४ सेकंद टेकतो आणि चांगला ०.६७ सेकंद. २४० फ्रेममध्ये हा फरक सुमारे ३१ फ्रेमइतका भरतो, सहज मोजता येतो. नेहमीच्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत तोच फरक जेमतेम चार फ्रेमचा, आणि टाच नक्की कुठल्या फ्रेमला टेकली यातच एकदोन फ्रेमची चूक होते. मोजताना एक सावधगिरी: २४० चा व्हिडिओ ३० च्या वेगाने चालतो, म्हणजे वेळ आठ पट ताणलेली असते. स्क्रीनवरचे सेकंद तसेच लिहून घेतले तर सगळे आकडे चुकतात. फ्रेम मोजा आणि २४० ने भागा.

मांडणीत हयगय झाली तर मात्र या कॅमेऱ्यासारखं दिशाभूल करणारं साधन नाही. १० मीटरची मोकळी वाट हवी. सुरुवातीचे आणि शेवटचे २-२ मीटर वेग घ्यायला-सोडायला, मधले ६ मीटर मोजायला. दोन्ही टोकांना जमिनीवर रंगीत चिकटपट्टी. हे ६ मीटर ७.५ सेकंदांत कापले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर, आणि वयस्कर माणसात त्याहून कमी वेग दिसला तर तो गांभीर्यानेच घ्यावा. बाजूने टिपताना फोन ट्रायपॉडवर, कमरेच्या उंचीवर, वाटेला काटकोनात आणि ४ मीटर लांब ठेवा. पेशंटबरोबर कॅमेरा फिरवू नका. जागा कमी म्हणून वाइड लेन्स लावून जवळून घेतलं तर कडेचे पाय ताणलेले दिसतात. फ्रेम नीट असली तरी गुडघ्याचा कोन फक्त कॅमेऱ्यासमोरच्या मधल्या दोन पावलांत मोजावा. कडेला तोच गुडघा तिरका दिसतो. चड्डी गुडघ्यावर दुमडलेली, मांडीच्या हाडाचा वरचा, बाहेरचा उंचवटा, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि बाहेरचा घोटा यांवर ठिपके. एवढं करूनही पाच अंशांच्या फरकावर भिस्त ठेवू नये. पाय आत वळवून चालणाऱ्या मुलांत तर गुडघ्याचा कोन बाजूने बघून काढूच नये, कारण गुडघा कॅमेऱ्याच्या प्रतलातच वाकत नाही.

फूट ड्रॉपमध्ये, म्हणजे पाऊल वर उचलता न येण्यात, या साधनाचं बळ आणि उणीव दोन्ही स्वच्छ दिसतात. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूची ताकद थोडीच कमी असेल तर टाच आधी टेकते, पण पाऊल अलगद उतरण्याऐवजी आपटतं. हा ‘थप्’ कानाला पटकन कळतो, स्लो-मोशनमध्ये मात्र आवाज ताणला जाऊन निरुपयोगी होतो. म्हणून एक फेरी साध्या व्हिडिओत घ्याच. ताकद बरीच गेली असेल तर गुडघा उंच उचलला जातो आणि बोटं आधी टेकतात. अर्धांगवायूनंतरच्या ताठर पायातही बोटं घासतात, पण तिथे गोष्ट उलटी असते. हवेतल्या पायाचा गुडघा एरवी सुमारे ६० अंश वाकतो. तो वाकत नाही म्हणून पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवला जातो. नुसत्या डोळ्याला दोन्ही चाली ‘पाय ओढतोय’ एवढ्याच वाटतात, फ्रेम-फ्रेम पुढे नेली की गुडघा फरक सांगतो.

पण फूट ड्रॉपचं कारण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युला हाडाच्या मानेपाशी दबलेली नस आहे की कमरेतली एल-५ नस, हे कॅमेऱ्याला कळत नाही. त्यासाठी घोटा हाताने काटकोनात धरून पाऊल आत वळवायला सांगा, मग कुशीवर झोपवून पाय बाजूला उचलायला लावा. दोन्ही हालचाली कमकुवत असतील तर संशय एल-५ वर; दोन्ही शाबूत असतील तर गुडघ्यापाशी. घोटा न धरता तपासलं तर लोंबतं पाऊल आत वळवण्यातही कमजोर भासतं आणि भलत्याच पेशंटच्या कमरेचा एमआरआय होतो.

खुब्याच्या चालीत मागून घेतलेली फेरी सगळ्यात मोलाची. सगळे कंबर एका बाजूला खाली पडते का एवढंच बघतात, पण बरेच पेशंट धड कमकुवत बाजूला झुकवून कंबर समतल ठेवतात आणि तपासणारा फसतो. खांदे चौकटीत हवेतच. धड झुकण्याचं कारण वेदना असेल तर त्या पायावरचा वेळ हमखास आखूड होतो, नुसत्या कमकुवतपणात तेवढा नाही. इथे फ्रेम मोजणं कामी येतं. सोबत एका पायावर ३० सेकंद उभं करा, कारण थकणारा स्नायू पहिले काही सेकंद निभावून नेतो.

पार्किन्सनमध्ये स्लो-मोशनचा उपयोग कमी. एका हाताचा झोका कमी होणं समोरून साध्या व्हिडिओतही दिसतं. पाय जागीच खिळणं वळताना, दारातून जाताना किंवा चालता चालता उलटी आकडेमोड करायला लावली की बाहेर येतं. सरळ मोकळ्या वाटेवर ते बहुधा लपतं. तेव्हा वळण टिपा, किती पावलांत वळतो ते मोजा आणि लेव्होडोपाची (पार्किन्सनवरचं औषध) शेवटची गोळी किती वाजता घेतली ते व्हिडिओच्या नावातच लिहा. ती नोंद नसेल तर दोन व्हिडिओंची तुलना व्यर्थ. तोल जाणाऱ्या पेशंटसोबत मदतनीस कॅमेऱ्याच्या पलीकडच्या बाजूने, अर्धं पाऊल मागे चालावा. ट्रायपॉड सोडून कॅमेरावाल्याने धावायची वेळ येऊ देऊ नये.

उजेडाचा त्रास खरा आहे. अंधूक खोलीत चित्र फरफटतं आणि टाच टेकल्याची फ्रेमच सापडत नाही. काही दिव्यांखाली सगळा व्हिडिओ लुकलुकतो. खिडकीजवळची वाट सर्वांत बरी.

दाबमापक चटई पावलाची लांबी आणि वेळ याहून अचूक देते, पण तिला धड आणि खुबा दिसत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलावर एकाच वेळी अनेक सांध्यांची शस्त्रक्रिया ठरवायची असेल तर फोनवर विसंबू नका. त्रिमितीय कॅमेरे, जमिनीतल्या बलमापक पट्ट्या आणि स्नायूंची विद्युतनोंद असलेली गेट लॅबच, म्हणजे चाल मोजणारी प्रयोगशाळाच हवी. त्या मुलांच्या नेहमीच्या पाठपुराव्याला मात्र व्हिडिओवरून प्रत्येक पायाचे १७ मुद्दे तपासणारा एडिनबरा व्हिज्युअल गेट स्कोअर फोनवर उत्तम भरता येतो.

या कॅमेऱ्याला तुलनेसाठी पाचपैकी साडेचार गुण, कोन मोजायला अडीच. आणि चित्रण सुरू करण्याआधी लेखी संमती. व्हिडिओ वैयक्तिक गॅलरीत किंवा व्हॉट्सॲपवर नको, थेट पेशंटच्या नोंदींत जावा आणि फोनमधून लगेच पुसला जावा.