पिल्लाची आई कुठंय?

आमच्या जुन्नर तालुक्यात उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडणं ही काही बातमी राहिलेली नाही. तोड सुरू झाली की कुठल्या ना कुठल्या शिवारात तोडकऱ्याचा कोयता मध्येच थांबतो आणि टोळी बांधावर येऊन उभी राहते. आमच्या फडात एकदा तीन सापडली होती, मांजराएवढी. वनखात्याची माणसं आली, हातमोजे घालून पिल्लं उचलली, माणिकडोहच्या निवारा केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासली आणि अंधार पडायच्या आत त्याच सरीत प्लास्टिकच्या क्रेटखाली परत ठेवली. वनरक्षकाने सगळ्यांना आधीच दम भरला होता, "हातात घेऊन फोटो काढायचे नाहीत कुणी." रात्री मादी आली, क्रेट उलटा पाडला आणि एकेक करून तिन्ही घेऊन गेली. कॅमेऱ्यात सगळं आलं. आण्णांनी दोन दिवस तोड थांबवली म्हणून मुकादमाची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही 2018 च्या जुलैमध्ये मी 1,450 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळजवळ एक लाख रुपये भरून, दक्षिण आफ्रिकेत सिंहाच्या 'अनाथ' पिल्लांना बाटलीने दूध पाजायला गेले. विमानाचे 58,000 वेगळे.

जाहिरात दिसली ती फोनवर. मांडीवर पिल्लू घेतलेली एक मुलगी, मागे पिवळं गवत, खाली लिहिलेलं: तीन आठवडे, अनाथ पिल्लांचं संगोपन, पुढे जंगलात मुक्तता. पुण्यात त्यांचा एक एजंट होता. माणूस गोड, अस्सल मराठी, मला सारखा 'मॅडम' म्हणायचा. "मॅडम, सफारीवाले नुसते जीपमधून बघतात. तुम्ही प्रत्यक्ष वाचवणार." हे वाक्य माझ्या बरोबर वर्मी लागलं. ताडोब्याला जिप्सीत बसून धूळ खाऊन आलेली मी, आपण त्या गर्दीतल्या नाही असं मला वाटायला हवंच होतं.

मी प्रश्न विचारले नाहीत असं नाही. शाकाहारी जेवण मिळेल का, एकट्या बाईला सुरक्षित आहे का, थंडीत गरम पाणी असतं का. तिन्हींची उत्तरं खरी निघाली. पिल्लाची आई कुठंय, हा प्रश्न मात्र मला सुचला नाही.

जोहान्सबर्गहून गाडीने साधारण चार तास, फ्री स्टेट प्रांतात. दोन्ही बाजूंना कापून झालेली मक्याची शेतं, पहाटे गवतावर पांढरं दहिवर. जागेचं नाव लिहीत नाही, वकिलाने लिहू नको सांगितलंय. आम्ही नऊ जण होतो, बहुतेक युरोपातली विशी-बाविशीची मुलं. सगळ्यात मोठी मी, सदतीस वर्षांची. पहिल्याच दिवशी माझ्या हातात चार पिल्लांची जबाबदारी आली. डोळे नुकते उघडलेले. दर चार तासांनी बाटली, मग ओल्या कापसाने पोट आणि शेपटीखालचा भाग पुसायचा, कारण आईने चाटल्याशिवाय इतक्या लहान पिल्लाला शी-शू होत नाही. रात्री दोनलाही उठायचं. खरं सांगते, त्या पहिल्या आठवड्याइतकी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते. चौघींतल्या सगळ्यात लहानीचं नाव थांडी. तिला छातीशी धरून काढलेला फोटो मी टाकला आणि चारशेवर लोकांनी तो आवडल्याचं कळवलं. आईने सुद्धा शेजारी दाखवला.

शनिवारी गाड्या यायला लागल्या. माणशी दीडशे रँड, म्हणजे साधारण साडेसातशे रुपये, आणि दहा मिनिटं पिल्लांसोबत. एक घोळका गेला की दुसरा. झोपलेलं पिल्लू उचलून हलवून जागं करायचं, कारण लोकांना डोळे उघडे असलेला फोटो हवा. इतक्या लहान जिवाला दिवसाचा बहुतेक वेळ झोप लागते. संध्याकाळपर्यंत थांडी बाटलीलाही तोंड लावेना. रविवारी तिला जुलाब सुरू झाले. मी म्हटलं, निदान हिला आज आत ठेवू या. आमच्यावर देखरेख करणारी मुलगी म्हणाली, "छोटीच तर सगळ्यांना आवडते."

पाहुण्यांनी पैसे दिले पिल्लं हाताळायला. मी पैसे दिले ती पिल्लं हाताळण्याजोगी माणसाळवून द्यायला. म्हणजे गडी आपणच, आणि मजुरीही आपणच मोजायची. हा हिशोब मला तिथे बसून आठव्या दिवशी लागला. याच सुमाराला कोपरापाशी गोल, लाल, खाजणारे चट्टे उठले. गजकर्ण. पिल्लांकडून ते तिथे जवळजवळ सगळ्यांनाच होतं, म्हणाले, आणि एक मलमाची ट्यूब दिली.

जेवणाच्या खोलीत एका भिंतीवर जुन्या व्हॉलंटियर्सचे फोटो होते. एका रात्री दूध कोमट व्हायची वाट बघत मी ते वाचत होते. 2014, एक लालकेसांची मुलगी, मांडीवर पिल्लू, खाली लिहिलेलं 'थांडी आणि मी'. 2016, दुसरी मुलगी, पुन्हा थांडी. 2017 च्या फोटोत एका मुलाच्या खांद्यावर आणखी एक थांडी. तिकडच्या झुलू भाषेत थांडी म्हणजे लाडकी. चार वर्षांत तीन लाडक्या मोजल्या, आणि माझी चौथी. पहिली जिवंत असती तर तेव्हा चार वर्षांची, भरदार सिंहीण झाली असती. पण आख्ख्या आवारात थांडी नावाची एकही मोठी सिंहीण नव्हती.

दुसऱ्या दिवशी मांस कापायच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका वयस्क माणसाला विचारलं. त्यांना तिथली पोरं 'न्टाटे' म्हणायची, आपल्याकडे 'बाबा' म्हणतात तसं, म्हणून मीही तसंच म्हणायचे. मी विचारलं, "न्टाटे, या चौघींची आई कशाने मेली?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आण्णा एखाद्या शहरी पाहुण्याकडे बघतात, ऊस कुठल्या झाडाला लागतो असं विचारल्यावर. मग सुरीनेच टेकाडामागच्या कुंपणाकडे दाखवलं. आई तिथे होती. धडधाकट. दहाव्या दिवशी पिल्लं उचलली होती.

त्यांनी तुटक इंग्रजीत जे सांगितलं त्याचा अर्थ लागायला जीवशास्त्राचं थोडं ज्ञान पुरतं. जंगलात सिंहिणीची पिल्लं दीड-दोन वर्षं तिच्यासोबत असतात, तोवर ती पुन्हा गाभण राहत नाही. पिल्लं काढून घेतली की ती काही आठवड्यांत माजावर येते, आणि सिंहिणीचा गाभणकाळ जेमतेम 110 दिवसांचा. म्हणजे वर्षाला दोन वेतं सहज निघतात. गोठ्यातली म्हैस बरी म्हणायची, तिला निदान रेडकू चाटू देतात. दोन वाजताच्या बाटलीला उठल्यावर टेकाडामागून जो आवाज यायचा, त्याला मी 'आफ्रिकेची रात्र' समजून व्हिडिओ काढला होता.

मोठी झाल्यावर पिल्लं जातात कुठे, हे मला कागदावर वाचायला मिळालं. तिथे दीड वर्षाचे दोन नर होते, त्यांच्यासोबत पाहुण्यांना 'सिंहासोबत फेरफटका' करवायचे. एका सकाळी ट्रक आला. आम्हाला सांगितलं, मोठ्या अभयारण्यात चाललेत, निरोप द्या. दोन मुली रडल्यासुद्धा. वाहतुकीचा परवाना जीपच्या बॉनेटवर क्लिपबोर्डला लावलेला होता. पोचायच्या ठिकाणी नॉर्थ वेस्ट प्रांतातल्या एका फार्मचं नाव. रात्री ते शोधलं. पहिल्याच फोटोत आयाळवाला सिंह, डोकं दगडावर टेकवून नीट बसवलेला, आणि मागे बंदूक घेऊन हसणारा माणूस.

याला तिकडे 'कॅन्ड हंटिंग' म्हणतात, डबाबंद शिकार. सिंह कुंपणाच्या आत, जन्मापासून माणसाच्या हातून खाल्लेला, गाडीचा आवाज आला की जेवण आलं समजून पुढे येणारा. नॉर्थ वेस्टमध्ये नियम असा की शिकारीच्या 96 तास आधी त्याला त्या कुंपणात सोडला की झालं. हे सगळं कायद्यात बसत होतं, हेच पचायला जड गेलं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे बिबट्याचं पिल्लू घरात ठेवलं तरी तुरुंग. तिकडे पिंजऱ्यातला सिंह ही मालकाची खासगी मालमत्ता. त्या देशात जंगलातले सिंह तीन-साडेतीन हजार, आणि अशा पैदास केंद्रांतले 8,000 ते 12,000 असा अंदाज सांगतात. अमेरिकेने 2016 पासून अशा पाळीव सिंहांची मुंडकी आणणं जवळपास बंद केलं, तेव्हा धंद्याचा ओघ हाडांकडे वळला. वाघाच्या हाडांच्या नावाखाली सिंहाची हाडं आग्नेय आशियात खपतात. मी दूध पाजत होते त्याच जुलैमध्ये सरकारने निर्यातीचा कोटा 800 सांगाड्यांवरून 1,500 वर नेला होता. सांगाडे, किलो नव्हे.

मालकाला जाऊन विचारलं. कुठल्या जंगलात आजवर किती सोडले, एक तरी नाव द्या. चिडला नाही तो. 'जनुकीय वैविध्य' म्हणाला, 'पर्यटकांचं प्रबोधन' म्हणाला आणि शेवटी कराराचं पान काढून दाखवलं. त्यात 'मुक्ततेच्या दिशेने प्रयत्न' एवढंच होतं. खरं तर हातावर वाढवलेला सिंह सहसा जंगलात सोडता येत नाही. त्याला शिकार येत नाही, कळप नसतो, आणि माणसाची भीती मेलेली असते. आमच्या वनरक्षकाने क्रेटपाशी आम्हाला फिरकू दिलं नव्हतं ते उगाच नाही.

मी बाराव्या दिवशी निघाले. उरलेल्या नऊ दिवसांचे पैसे गेले. थांडी तेव्हा बरी होती, एवढं सांगते. पुढचं विचारू नका.

पुण्यात येऊन वकिलामार्फत नोटीस पाठवली. उत्तर आलं की फी राहणं, जेवण आणि प्रशिक्षणाची होती आणि ते तिन्ही पुरवलं; एजंट हा केवळ मध्यस्थ. पैसे मी थेट त्याच्या खात्यावर भरले होते. कार्डाने भरले असते तर बँकेकडे निदान वाद घालता आला असता. आणि मग मी गप्प बसले. लाजेने. चारशे लोकांनी वा वा केलेल्या फोटोखाली काय लिहिणार? ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

मधल्या काळात तिकडे बरंच घडलं. 2019 मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने हाडांचे ते कोटे बेकायदा ठरवले. 2021 च्या मे महिन्यात पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी सिंहांची अशी पैदास, त्यांना कुरवाळणं आणि त्यांची शिकार बंद करण्याची शिफारस स्वीकारली. शिफारस आणि बंदी यांत किती अंतर असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. त्याच फ्री स्टेटमध्ये, बेथलेहेम गावाजवळ, लायन्सरॉक नावाचं खरं अभयस्थान आहे. सर्कशीतून, पिंजऱ्यांतून सोडवलेले सिंह तिथे मरेपर्यंत राहतात, पैदास होत नाही आणि पाहुण्याला हात लावू देत नाहीत. आधी शोधलं असतं तर मलाही सापडलं असतं. पण तिथे मांडीवर पिल्लू मिळत नाही, आणि मला तेच हवं होतं.

कुणी मला आता विचारलं तर मी एजंटाशी बोलायच्या आधी तीन गोष्टी लेखी मागवायला सांगते. पिल्लांच्या आया कुठे आहेत. इथे गेल्या वर्षी किती जन्मली. आणि तीन वर्षांपूर्वीच्या फोटोत जी पिल्लं आहेत ती आज कुठे आहेत, नावानिशी. तिसऱ्याचं उत्तर सहसा येत नाही. जुन्या व्हॉलंटियर्सचे फोटो वर्षावार लावून बघितले तरी पुरतं.

हे इतक्या वर्षांनी लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा ऑफिसातल्या मैत्रिणीच्या भाचीने याच एजंटाकडे 400 डॉलर आगाऊ भरले. परत न मिळणारे. मी कळवळून म्हटलं, अगं, मला एकदा विचारायचंस तरी. ती म्हणाली, "मावशी, तुमचा फोटो बघूनच तर भरले."

त्याच्या माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर मी आहे. छातीशी थांडी, मागे पिवळं गवत. करारात फोटो वापरायची परवानगी होती, नवव्या कलमात. मी त्याला फोन केला, फोटो काढून टाका म्हणाले. तो अगदी तसाच गोड.

"काय मॅडम, इतका छान आलाय फोटो."