दुकानाच्या दारात: डोकं उघडं की चेहरा उघडा?

झवेरी बाजारापासून दादरच्या रानडे रोडपर्यंत सराफांपुढे, चोरी झाली तर कॅमेऱ्यातून ओळख पटावी म्हणून, गिऱ्हाइकांना आत घेण्याच्या नियमाचे दोन पर्याय आहेत. एक, डोक्यावर काहीही नको. दोन, डोक्यावर काहीही चालेल, फक्त चेहरा दिसू द्या.

पहिला नियम पाटीवर सोपा, पण फसतो. पगडी, हिजाब, पदर यांनी चेहरा झाकला जात नाही, म्हणजे ओळख पटवायला या नियमाचा उपयोग शून्य. शिवाय संविधानाच्या कलम १५(२) नुसार केवळ धर्मावरून दुकानात प्रवेश नाकारता येत नाही. आणि जुलैत रेनकोटची टोपी घातलेलं अर्धं दादर बाहेर ठेवणार का?

दुसरा नियम हेल्मेट, मास्क, हुडी सगळ्यांना सारखाच लागू होतो. मात्र कॅमेरा छताला नको. तिथून टोपीची कडाच दिसते. दाराच्या आत, साधारण साडेपाच फूट उंचीवर लावा. मागून रस्त्याचा उजेड आला की चेहरा काळा पडतो, म्हणून डब्ल्यूडीआर (उजेड आणि अंधार दोन्ही एकाच वेळी नीट दाखवणारी सोय) असलेलाच कॅमेरा घ्या. नकाब असेल तर आडोशाला महिला कर्मचारी क्षणभर चेहरा पाहील, तेही विनंती करून. काउंटरवर एका वेळी एकच ट्रे काढा. दुसरा ट्रे उघडताना लक्ष विचलित होतं आणि हातचलाखीला वाव मिळतो.

आमचं मत ठामपणे दुसऱ्या बाजूने.