गुरू ग्रहाचे फोटो: कासचं पठार की घरची गच्ची?

कासला अंधार भारी, मान्य, पण गुरू एवढा चकचकीत की त्याला अंधाराचं काय पडलंय, त्याला हवा शांत लागते, आणि पठाराच्या कडेवरून वारं वर चढताना असं घुसळतं की स्क्रीनवर गुरू पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलतो. साताऱ्यातल्या गच्चीचं दुखणं वेगळं, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतो. म्हणून मी मध्यरात्रीनंतर बघतो, एखादा तारा जरा आउट ऑफ फोकस करायचा, त्याच्या प्रकाशाच्या गोल कड्या स्थिर दिसल्या तर रेकॉर्डिंग, नुसती उकळी दिसली तर सरळ झोप. हवा किती शांत आहे हे मोजणाऱ्या पिकरिंगच्या १ ते १० स्केलवर (१० म्हणजे एकदम शांत) ६ आलं तरी मला बास. माझं मत गच्चीलाच, कास आकाशगंगेसाठी ठेवा (जर्किन न्या, गारठा लय असतो).