गाडी बसवायला दिली, बसलो मी: ३,४०,८०० रुपयांचा हिशेब

आधीच कबूल करतो, गाडी खाली घ्यायची हौस माझीच. घरात कारण सांगितलं आईच्या गुडघ्यांचं. ते अगदीच खोटं नव्हतं. फॉर्च्युनरमध्ये चढताना तिला दोघांनी धरावं लागतं. एअर सस्पेन्शन असलं की बटण दाबलं, गाडी खाली आली, म्हातारं माणूस आरामात बसलं, गाडी परत वर. पुतण्याच्या वरातीत गाडी रस्त्याला टेकून उभी राहील हे चित्र डोक्यात होतं, ते कुणाला बोललो नाही. आता काय लपवायचं.

गॅरेज पुण्यात, नगर रस्त्याला. नाव लिहीत नाही, वकिलांनी नको म्हटलंय. कोटेशन ४,८५,००० रुपयांचं. चारही चाकांना स्प्रिंगच्या जागी हवेचे बलून, दोन कॉम्प्रेसर, हवेची टाकी, उंची आपोआप सांभाळणारे सेन्सर आणि भोवतीने लो बॉडी किट, रंगासकट. वर लॅमिनेशन केलेला एक कागद: ‘एआरएआय अप्रूव्ड’. एआरएआय म्हणजे गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था, पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर. जाऊन विचारायला अर्धा तास लागला असता. गेलो नाही.

पैसे असे गेले. १,५०,००० अ‍ॅडव्हान्स. बारा दिवसांनी ८७,५००, का तर ‘माल कस्टममध्ये अडकलाय’. मग बॉडी किटच्या साच्याचे आणि रंगाचे ६२,०००. शेवटी गाडी आणायला गेलो तेव्हा ४१,३०० रोख. एकूण ३,४०,८००. खात्यावर भलत्याच बाईचं नाव. विचारलं तर म्हणाला, “मिसेसचं खातं आहे दादा, तुमचा जीएसटी वाचतो.” आणि मी त्याचे आभार मानले! कोटेशनवर जीएसटी नंबर होता, सुरुवातही बरोबर २७ ने. फक्त आकडे-अक्षरं मिळून चौदा. पंधरा असतात. हे मी नंतर मोजलं, रात्री दोन वाजता, स्वयंपाकघरात उभा राहून.

पण खरी चूक ती नव्हे. तिसरा हप्ता द्यायला स्वतः गेलो होतो. ऑफिसच्या कोपऱ्यात चार खोकी रचलेली, वर परदेशी कंपनीचं छापील नाव. तो म्हणाला, “बघा दादा, तुमचा माल आला.” बसायला खुर्ची ओढली तर खालचं मोठं खोकं आड येत होतं. मी ते पायाने सरकवलं. चपलेच्या टोकाने. वरच्या तीन खोक्यांसकट सरकलं ते फरशीवरून. ज्यात दोन कॉम्प्रेसर आणि लोखंडी टाकी आहे ते खोकं चपलेने सरकतं का? गावात धान्याची पोती उचलत मोठा झालेला माणूस मी, वजन मला कळत नाही? पायाला कळलं होतं, डोक्याने ऐकलं नाही. तेवढ्यात चहा आला आणि मी मोबाईल काढून खोक्यांचा फोटो काढला, बायकोला पाठवायला. माल आला म्हणून. तो फोटो आजही आहे.

उरलेले १,४४,२०० तो मागतच नव्हता. “चालवून बघा, समाधान झालं की द्या.” आता सांगा, बाकी सोडून गाडी देणाऱ्यावर कोण संशय घेईल? त्याचं आधीच वसूल झालं होतं, एवढंच.

त्याच दिवशी साताऱ्याला निघालो. शिरवळपर्यंत ठीक. खंबाटकीचा घाट अर्धा चढलो आणि पुढची डावी बाजू हळूच बसली. फसकन आवाज नाही, काही नाही, थकलेलं माणूस बसावं तशी. टायर मडगार्डला घासून रबराचा वास सुटला. मागे ट्रकची रांग, हॉर्न. गाडी लादून आणायला ६,५०० गेले.

आमच्या मिस्त्रीने गाडी रॅम्पवर घेतली आणि पोराला शाम्पूचं पाणी मारायला सांगितलं. प्रत्येक जॉइंटवर बुडबुडे. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप होती तिथे. कॉम्प्रेसर एकच, टायरमध्ये हवा भरायचा. सेन्सर एकही नाही. बॉडी किट फायबरचं, स्क्रू आणि सिलिकॉनवर अडकवलेलं. हवेची नळी ब्रेकच्या पाइपला प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली, तिथे मिस्त्री पहिल्यांदा गप्प झाला. बलून काढले तर आतल्या अंगाला पिवळ्या मार्करने लिहिलेलं: ‘०९ मागे डावा’. माझी गाडी साताऱ्याची, एमएच ११ आहे. ०९ म्हणजे कोल्हापूर.

आणि माझे मूळ स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्सॉर्बर? “ते भंगारात गेले दादा.” नवा सेट ५८,४००. जुने सुटे भाग, पाना लागायच्या आधी, आपल्या डिकीत टाकून घ्या. कुठल्याही कामात.

आता सरकार दरबार. पुण्याच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, तुम्ही साताऱ्याचे, तिकडे द्या. साताऱ्यात म्हणाले, घटना पुण्याची. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो असं मी म्हणालो, तर “हा दिवाणी वाद आहे.” मी खोक्याचा फोटो दाखवला, बलून टेबलावर ठेवला. हवालदारांनी बलूनकडे पाहिलंही नाही, आरसी मागितली. “ह्यावर सस्पेन्शनची नोंद कुठाय?” मग बोटांवर मोजले: बलून एक, बंपर दोन, स्कर्ट तीन, कापलेलं मडगार्ड चार. “मोटार वाहन कायदा, कलम १८२ अ. एका बदलाला पाच हजार. वीस हजारांपासून सुरुवात करू का?”

२०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही. मला हे त्या टेबलासमोर कळलं. गॅरेजवाल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्याच्या धंद्याचं भांडवलच ते. गिऱ्हाईक तक्रार करायला गेलं की आधी स्वतःच अडकतं. आरटीओत गेलो तर एकच उत्तर: “आमची परवानगी घेतली होती का?” गॅरेज उघड्यावर चालतं, रोज व्हिडिओ टाकतं, ते यांना दिसत नाही. विमा कंपनीचा माणूस फोनवरच म्हणाला, बदल कळवला नसेल तर क्लेमचं विसरा. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला, त्यांनी विचारलं पैसे कधी पाठवले. दीड महिना झाला म्हटल्यावर पलीकडचा आवाजच बदलला. तिथे पहिल्या तासा-दोन तासांत फोन करायचा असतो, गॅरेजवाल्याला आठ संधी दिल्यावर नव्हे.

एकच दार उघडं मिळालं. ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला खेटे नकोत. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवर तक्रार टाकलीय. रोख दिलेल्या ४१,३०० चा पुरावा शून्य, ते धरून चालू नका. कच्च्या बिलावर काम देऊच नका, चार पैसे जास्त गेले तरी.

सगळं धरून ४,०५,७०० गेले. वरातीला भावाची ओम्नी नेली.

आता एक काम. त्या गॅरेजात मी गेलो तेव्हा कोल्हापूर पासिंगची काळी एंडेव्हर लिफ्टवर होती. मालक हे वाचत असाल तर गाडीखाली वाकून मागचा डावा बलून नवा आहे का जुना ते बघा. तुमचा मूळचा बहुतेक माझ्या माळ्यावर पोत्यात आहे. साताऱ्याला या, फोटो काढून घ्या. दोन तक्रारी शेजारी ठेवल्या की ‘दिवाणी वाद’ म्हणायला त्यांना जड जाईल.