जुन्या सीडीवरची भजनं, भाषणं आणि नाटकं: रिअल, क्विकटाइम, फ्लॅश... काय कसं वाचवायचं?

दिवाळीच्या आधी वडगावला मामांकडे कपाट रिकामं करायला बसलो होतो. मामीनं बिस्किटांचा एक डबा पुढे केला. "ह्या सीड्या टाकून देऊ काय रे? कशावरच लागत नाहीत." वरच्याच सीडीवर मार्करनं लिहिलं होतं, "अण्णांचं भजन, २००२". अण्णा म्हणजे माझे आजोबा.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पुष्कळ घरांत असा एखादा डबा असतो. कडोली-उचगावच्या साहित्य संमेलनातलं भाषण, भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, शाळेच्या गॅदरिंगचं नाटक. त्या काळी ब्राउझरला स्वतःहून आवाज-चित्र फारसं वाजवता येत नसे, प्रत्येक प्रकाराला वेगळा प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, लागे. क्रोमनं २०१५ मध्ये असल्या जुन्या प्लगइनना दार बंद केलं, फायरफॉक्सनं २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकीच्यांना. म्हणून आज "प्लगइन डाउनलोड करा" म्हणणाऱ्या साइटच्या वाटेला जाऊ नका, तिथून व्हायरसच घरात येण्याची भीती. फाइल बदलून घ्यायची, नव्या प्रोग्रामात उघडायची, की जुना कॉम्प्युटर जपायचा, एवढाच निर्णय आहे. तो प्रत्येक फाइलीच्या प्रकारावर ठरतो.

सगळ्यात आधी रिअलकडे बघा, कारण घात तिथंच होतो. रिअलऑडिओ १९९५ ला आलं. फोनच्या लाइनवरच्या मोडेमवर गाणं पूर्ण उतरायची वाट न बघता ऐकता यायला लागलं, हे त्याचं मोठं काम. टिळकवाडीतल्या सायबर कॅफेत "बफरिंग"चे आकडे वर चढताना बघत बसलेले माझ्या वयाचे पुष्कळ जण असतील. पण त्यात दोन प्रकारच्या फाइली असायच्या. आवाज असायचा आरएम फाइलीत. आरएएम फाइल म्हणजे नुसती चिठ्ठी: नोटपॅडमध्ये उघडली की आत सर्व्हरचा पत्ता, बाकी काही नाही. मामांच्या डब्यात रिअलच्या अशा १३ फाइली निघाल्या, त्यातल्या ४ आरएएम, प्रत्येकी १ केबी. ते सर्व्हर कधीच बंद झालेत. तेव्हा नाव वाचून खूश होऊ नका, आधी साइज बघा. २० केबीपीएसला (सेकंदाला २० किलोबिट) केलेलं १५ मिनिटांचं भजन साधारण सव्वादोन एमबी भरतं. तेवढं वजन असेल तर आत आवाज आहे.

आरएम फाइल व्हीएलसी या मोफत प्लेअरात बऱ्याचदा वाजते, अडली तर एफएफएमपेग या फाइली बदलणाऱ्या मोफत प्रोग्रामनं बदलून घ्या. बदलताना डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक करा, त्यांत आवाज आणखी दाबला जात नाही, घरातल्या ग्रुपवर पाठवायला वेगळी एमपी३ काढा आणि मूळ आरएम कधीच पुसू नका. बदलल्यानं आवाज सुधारत नाही, हेही धरून चाला. अण्णांचा गळा स्पष्ट ओळखू येतो, पण टाळांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा लागतो. तो मोडेमसाठी दाबताना गेला, परत येणार नाही. म्हणून मूळ कॅसेट मिळत असेल तर आरएमपेक्षा कॅसेटच नव्यानं उतरवून घ्या. आमच्या माळ्यावर दोन सापडल्या. एक चालली. दुसरीच्या टेपवर पावसाळ्याच्या ओलीनं पांढरी बुरशी धरलेली, ती मी मशीनमध्ये घातलीच नाही.

फ्लॅशचं उलट आहे. ते व्हिडिओत बदलायची घाई करू नका. १९९६ च्या फ्यूचरस्प्लॅश नावाच्या प्रोग्रामपासून आलेल्या हलत्या चित्रांच्या या प्रकारात चित्रं रेषांनी काढलेली असतात, त्यामुळे फाइल इवलीशी आणि मोठी केली तरी चित्र फाटत नाही. शिवाय बटणं दाबता येतात, व्हिडिओ केला की तीच मरतात. मराठीसाठी तर फ्लॅशचा मोठा आधार होता. तेव्हा समोरच्याच्या कॉम्प्युटरवर आपला फॉन्ट नसला तर मराठी मजकुराचा कचरा दिसायचा. फ्लॅशमध्ये अक्षरांचे आकार फाइलीतच भरता येत. अडॉबीनं ३१ डिसेंबर २०२० ला ते बंद केलं, १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअर फाइली उघडेनासा झाला. आज रफल नावाचा मोफत प्रोग्राम फ्लॅशच्या एसडब्ल्यूएफ फाइली उघडतो. २००६ च्या आधीच्या बहुतेक फाइली त्यात नीट चालतात, नंतरच्यांपैकी काही अडतात. सीडीवर ईएक्सई, म्हणजे स्वतःच चालणारी विंडोजची फाइल, असेल तर तीच आधी चालवून बघा, तिला ब्राउझर लागत नाही.

क्विकटाइमची चिंता सगळ्यात कमी. एमपी४ ची रचनाच क्विकटाइमच्या एमओव्ही फाइलीवरून घेतलेली, त्यामुळे व्हीएलसीत बहुतेक फाइली सरळ लागतात. फक्त विंडोजसाठीचं जुनं क्विकटाइम इन्स्टॉल करू नका, त्याची दुरुस्ती २०१६ पासून थांबली आहे. विंडोज मीडियाच्या डब्ल्यूएमव्ही, डब्ल्यूएमए फाइलीही वाजतात. एएसएक्स मात्र आरएएमसारखीच चिठ्ठी, आणि लायसन्सचं कुलूप घातलेली फाइल ते लायसन्स नसेल तर उघडत नाही.

शॉकवेव्हसाठीच काय तो जुना कॉम्प्युटर ठेवा. डीसीआर फाइली म्हणजे शॉकवेव्ह, फ्लॅश वेगळं. रफल त्या उघडत नाही. विंडोज एक्सपीचं मशीन घरात असेल तर इंटरनेटची वायर काढून वापरा. नुसत्या दोन-तीन खेळांसाठी नवीन खटाटोप मी तरी करणार नाही.

हे सगळं करायच्या आधी सीडी हार्डडिस्कवर कॉपी करून घ्या. मामांच्या १४ पैकी २ सीड्या ड्राइव्हनं घेतल्याच नाहीत. आरएमच्या ९ फाइली झाल्या, मामींच्या फोनवर आहेत. उरलेल्या ४ भजनांचे मूळ आरएम पुण्याच्या मावसभावाच्या जुन्या हार्डडिस्कवर असावेत. तो संक्रांतीला ती घेऊन येतोय.