रोजच्या एका पानासाठी बांधून घेतलेली वही

रत्नागिरीच्या रामआळीजवळ एका बोळात पुस्तकबांधणीचे छोटेसे दुकान आहे. पाटीवर दुकानाचे नाव नाही. ‘बाइंडिंगची सर्व कामे’ एवढेच रंगवलेले आहे. कोर्टकचेरीची बाडे, ग्रामपंचायतींची रजिस्टरे, महाविद्यालयीन मुलांचे प्रकल्प अहवाल आणि मोडकळीला आलेल्या पोथ्या ही तिथली नेहमीची कामे. रोज थोडे तरी ललित लेखन करायचे असे ठरवल्यावर मी या दुकानातून एक कोरी वही बांधून घेतली. वैशाखात वापरायला काढलेली ती वही अख्खा पावसाळा सोसून आता शेवटच्या पानांवर आली आहे, त्यामुळे तिच्याविषयी काही खात्रीने सांगता येईल असे वाटते. लिहिण्याची सवय लावून घेऊ इच्छिणाऱ्या कोकणातल्या माणसाने बाजारातली देखणी तयार वही घेण्याआधी अशी वही बांधून घेण्याचा विचार अवश्य करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वहीचा आकार हा यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. मी डेमी आकार घेतला, म्हणजे आपली बहुतेक मराठी पुस्तके ज्या आकारात निघतात तो, साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. डेमी तावाला तीन घड्या घातल्या की १६ पृष्ठांचा एक फर्मा होतो. अर्धा दस्ता, म्हणजे १२ ताव घेतले की १९२ पृष्ठांची वही तयार होते. माझ्या मध्यम अक्षरात या पृष्ठावर दीडशेच्या आसपास शब्द बसतात, आणि दिवसभराची कामे उरकल्यावरही तेवढे लिहून होतात. फुलस्केप रजिस्टरात एका पृष्ठाला याच्या दुप्पट मजकूर लागतो आणि अर्धे कोरे राहिलेले पान दुसऱ्या दिवशी डोळ्यांत खुपते. खिशात मावणाऱ्या छोट्या वहीत मात्र एखादा प्रसंग रंगू लागतो न लागतो तोच पान संपते. रोज किती लिहायचे हे आपण मनाशी कितीही ठरवले तरी प्रत्यक्षात ते पानाची लांबीच ठरवते, म्हणून आकार निवडताना जरूर वेळ घ्यावा.

मी लिहिते आहे ती एका काल्पनिक खाडीवरच्या तरीची, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीची, गोष्ट आहे; पूल होण्यापूर्वीचा काळ, एक नावाडी आणि रोज पलीकडे जाणारी माणसे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मी त्या दिवसाची तिथी आणि भरतीची वेळ लिहिते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. हा आकडा मांडला की त्या वेळी खाडीत पाणी किती असेल, होडी धक्क्याला लागेल की माणसांना चिखलातून उतरावे लागेल, उधाणाची मोठी भरती असेल की भांगाची लहान, हे सारे डोळ्यांपुढे येते आणि पहिले वाक्य शोधत बसावे लागत नाही. यासाठी मला पानाच्या वरच्या बाजूला नेहमीपेक्षा जास्त मोकळी जागा हवी होती. दुकानदारांनी कोरा कागद वापरून, पानाखाली ठेवायला ठळक रेघांचा एक आखीव पुठ्ठा करून दिला, त्यात माथ्याची जागा माझ्या मापाने सोडली आहे. कागदाखालून रेघा पुरेशा दिसतात आणि लिहून झाल्यावर पान स्वच्छ राहते. तयार वहीत ही सोय मिळणे कठीण.

कागदाविषयी थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण आपल्या हवेत वही टिकते की नाही हे त्यावर ठरते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि कागद हवेतला ओलावा सतत शोषत असतो. ओलाव्याने कागदाचे तंतू फुगतात, ते लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी जास्त. म्हणून तंतूंची दिशा वहीच्या पाठीला समांतर असेल तर पान फारसे वाकडे होत नाही. ती आडवी पडली तर पाठीजवळ लाटा उठतात आणि वही नीट मिटत नाही. दुकानदारांनी माझ्यासमोर एक ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला आणि ज्या बाजूने तो सहज वाकला त्यावरून घडी कशी घालायची ते ठरवले. घरी छपाईयंत्राचे ए-फोर कागद दुमडून वही शिवणाऱ्यांना नेमकी हीच अडचण येते. त्या कागदाचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात आणि मधोमध दुमडल्यावर ते आडवे पडतात.

मी ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, मॅपलिथो कागद घेतला. शाळेच्या स्वस्त वह्यांत बहुधा याहून बराच पातळ क्रीमवोव्ह कागद असतो. त्यावर शाईपेनाने लिहिले तर पावसाळी हवेत अक्षरांच्या कडा फुटतात आणि मजकूर पाठीमागे उमटतो. मॅपलिथोच्या पृष्ठभागावर खळीचा हात दिलेला असल्याने शाई वर राहते. आषाढापर्यंत मी निळ्या शाईने लिहीत होते आणि कडा एकदाही फुटल्या नाहीत. आषाढात एके संध्याकाळी खिडकीतून आलेल्या झडीने एका पानावरच्या चार ओळी फिकट निळ्या झाल्या, मात्र कागद फाटला नाही. वाळल्यावर त्याला किंचित सुरकुत्या तेवढ्या राहिल्या. साधी शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते, त्याला वहीचा इलाज नाही. त्यानंतर दसऱ्यापर्यंत मी बॉलपेन वापरले, कारण त्यातली शाई तेलकट असते आणि थेंबांनी पसरत नाही.

बांधणी जुजबंदीची आहे, म्हणजे प्रत्येक फर्मा मधल्या घडीतून दोऱ्याने शिवून पुढच्या फर्म्याला जोडलेला आहे. किनाऱ्यावर हा मुद्दा गौण मानू नये. खाऱ्या हवेत पिना गंजतात, त्यांचा तांबूस डाग आधी मधल्या पानावर पडतो आणि मग कागद तिथेच तुटतो. स्पायरलच्या तारेचीही तीच गत होते. नुसत्या गोंदावर तोललेल्या वह्या उन्हाळ्यात कडक होऊन पाठीतून उकलतात. शिवलेली वही सपाट उघडते, डाव्या पानावरही हात न अडखळता चालतो, आणि एक फर्मा सैल झाला तरी बाकीचे जागच्या जागी राहतात. पुठ्ठा लावायच्या खळीत मोरचूद घालता का, असे मी विचारले तेव्हा दुकानदार म्हणाले, “घालतो हो ताई, नाहीतर श्रावणात कसर तुमच्या आधी वही वाचून काढील.” पिष्टमय खळ हे कसरीचे आवडते खाद्य असल्याने हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. माझ्या वहीला अद्याप कसर लागलेली नाही. मी ती कपाटाच्या भिंतीलगतच्या कप्प्यात न ठेवता जेवणघरातल्या उघड्या फळीवर ठेवते, याचाही त्यात वाटा असावा.

तारखा छापलेली रोजनिशी मी मुद्दामच घेतली नाही. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असते, कुणी आजारी पडते, वादळवाऱ्यात वीज जाते. अशा दिवशी लिहिणे राहिले तर तारखेचे कोरे पान पुढे कायम समोर येत राहते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ स्वयंसेवकांबरोबर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले होते. त्यात माणसामाणसांतला फरक मोठा होता, १८ दिवसांपासून थेट २५४ दिवसांच्या अंदाजापर्यंत. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा खंड पडत नाही हेही आढळले होते. बिनतारखेच्या वहीत चुकलेल्या दिवसाची खूण उरत नाही, पुढचे पान लगेच वाट पाहत असते. १९२ पृष्ठांच्या वहीचा तिसरा हिस्सा म्हणजे साधारण तेवढेच दिवस होतात. मला स्वतःला पाचव्या फर्म्याच्या सुमारास, म्हणजे त्याच टप्प्यावर, रात्रीचे जेवण आटोपले की हात आपसूक फळीकडे जातो असे जाणवू लागले.

उणिवाही सांगायला हव्यात. पुठ्ठ्यावर लावलेले रेक्झिन भाद्रपदात चिकट झाले आणि त्यावर बुरशीचा पातळ थर धरला. कोरड्या फडक्याने तो निघाला, पण वास महिनाभर राहिला. पहिला फर्मा अस्तराच्या कागदाला जास्त खळीने चिकटल्यामुळे सुरुवातीची दोन पाने पूर्ण उघडत नाहीत. कडा यंत्रावर कापलेल्या असल्या तरी खालची कड एका टोकाला जरा तिरपी आहे. शिवाय वही सांगितलेल्या दिवशी मिळाली नाही. परीक्षेच्या हंगामात प्रकल्प अहवालांचे ढीग पुढ्यात असताना एका वहीसाठी आठवडाभर जास्त थांबावे लागले. दुकानदारांनी तसे आधीच बजावले होते, त्यामुळे मी तो दोष मानत नाही, मात्र नव्या उत्साहाने लिहायला बसू पाहणाऱ्याला ही वाट पाहणे जड जाऊ शकते. तोवर साध्या फुलस्केप कागदांवर लिहायला सुरुवात करावी. पुढे ते कागद वहीतच शिवून देतात.

कागद आणि बांधणावळ मिळून मला १६० रुपये पडले. परदेशी धाटणीची, लवचीक कव्हराची वही याच्या कितीतरी पट किमतीला मिळते आणि तिचे पान इतके गुळगुळीत, सुबक असते की पहिली ओळ चुकीची पडू नये म्हणून हात आखडतो. या वहीवर खाडाखोड करताना मला कधी संकोच वाटला नाही. नावाड्याच्या बायकोचे पात्र मी तीनदा खोडून नव्याने लिहिले आहे आणि तिन्ही खाडाखोडी एकाच फर्म्यात शेजारी शेजारी आहेत. तिसऱ्या वेळी ती बोलू लागली तेव्हा आधीची दोन पाने उलटून तिचे कोणते शब्द ठेवायचे हे पाहता आले. पडद्यावर लिहिले असते तर ते शब्द केव्हाच पुसले गेले असते.

ज्यांचे लिखाण टंकलेखनाच्या वेगाने होते किंवा ज्यांना रोज हजारभर शब्द लिहायचे आहेत, त्यांना ही वही पुरणार नाही आणि तिचा उपयोगही वाटणार नाही. एका गोष्टीशी वर्षभर थोडे थोडे राहू इच्छिणाऱ्यांसाठी मात्र ती योग्य आहे. बांधायला द्यायची असेल तर दिवाळीनंतर ते माघापर्यंत द्यावी, तेव्हा दुकानात सवड असते आणि हवाही कोरडी असल्याने खळ चांगली वाळते. मी दुसरी वही सांगून आले आहे. कागद तोच, आकार तोच; रेक्झिनऐवजी जाड सुती कापड, पहिल्या फर्म्याला कमी खळ, आणि शेवटी चार ताव जास्तीचे, कारण गोष्टीतली तर बंद पडण्याचा प्रसंग पहिल्या वहीत मावणार नाही हे आता दिसते आहे.