७ दिवसांत मुरूम घालवणारी डबी: फसवणूक कशी होते आणि खरे उपचार किती वेळ घेतात

"७ दिवसांत मुरूम साफ, नाहीतर पैसे परत." यातला ७ हा आकडा विचार करून टाकलेला असतो. चेहऱ्यावरचा साधा लाल फोड काहीही न लावता आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत बसतो. शिवाय माणूस क्रीम शोधायला निघतो तेव्हा चेहरा सगळ्यात जास्त भडकलेला असतो. मुरूम मुळातच कमी-जास्त होत राहतात, त्यामुळे त्यानंतरचा आठवडा बरा जाण्याची शक्यता तशीही मोठी असते. फोड आपोआप बसतो, श्रेय डबीला मिळतं आणि दुसरी डबी मागवली जाते. नुसतं सुगंधी मलम विकणाऱ्याचाही धंदा एवढ्यावर चालतो.

ही त्यातल्या त्यात निरुपद्रवी फसवणूक. इथे फक्त पैसे जातात. घातक प्रकार वेगळा आहे, कारण त्यात क्रीम खरोखर काम करताना दिसतं.

बिनलेबलच्या डबीत, किंवा नुसतं "नाइट क्रीम" एवढंच स्टिकर असलेल्या डबीत, बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि सूज दाबतं. दोन-तीन रात्रींत लाली उतरते, फोड सपाट होतात, रंग उजळल्यासारखा वाटतो. दुसऱ्या आठवड्यात चेहरा इतका गुळगुळीत दिसतो की वापरणारी व्यक्ती स्वतःच चार जणांना ती डबी सुचवते. मग कधीतरी दोन रात्री लावायचं राहून जातं. लगेच चेहरा लाल होतो, चरचरतो, नवे फोड उठतात. पुन्हा लावलं की शांत. इथेच माणूस पुरता अडकतो, कारण "हे क्रीम सोडलं की त्रास होतो, म्हणजे तेच मला मानवतं" असा उलटा अर्थ लावला जातो. तो त्रास त्या क्रीमनेच तयार केलेला असतो.

काही महिन्यांनी तोंडाभोवती आणि गालांवर एकाच आकाराच्या बारीक लाल पुटकुळ्या दिसू लागतात. गालांवर लाल रेषांसारख्या रक्तवाहिन्या उमटतात, बारीक लव वाढते, कातडी पातळ होते, उन्हात गेलं की भाजल्यासारखं होतं. साध्या मुरमांत छोटे-मोठे, काळे-पांढरे ठिपके आणि लाल फोड यांची सरमिसळ असते. सगळ्या पुटकुळ्या एकसारख्या दिसू लागल्या, तर स्टिरॉइडचा संशय घ्यायलाच हवा.

लेबल असेल तर त्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टिरॉइडची नावं शोधा. यातली काही औषधं ठरावीक आजारांवर, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्यच असतात. मुरमांवर रोज लावायची ती नव्हेत. रंग उजळवणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो. "कॅलोमेल" किंवा "मर्क्युरिक" असे शब्द, किंवा "लावताना सोन्या-चांदीला, ॲल्युमिनियमला लागू देऊ नका" अशी सूचना दिसली तर ती डबी वापरू नका. पारा मूत्रपिंडांना आणि मज्जासंस्थेला इजा करतो. वापरणाऱ्याच्या हातांवरून, उशीवरून, टॉवेलवरून तो घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोहोचतो. पाऱ्याचा वापर रोखणाऱ्या २०१३ च्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं बंद करायच्या वस्तूंच्या यादीत आहेत.

खऱ्या उपचाराला वेळ का लागतो हे एकदा नीट समजलं, की अशा बहुतेक जाहिराती आपोआप उघड्या पडतात. मुरमाची सुरुवात दिसण्याच्या कितीतरी आधी होते. केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्रात मृत पेशी आणि तेल साचून डोळ्यांना न दिसणारा बारीक गोळा तयार होतो. त्याचा लाल फोड व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणजे पुढच्या महिन्यात दिसणारे बरेच फोड आज आत तयार झालेले आहेत. आज सुरू केलेलं औषध नवे गोळे बनण्याचं प्रमाण कमी करतं, आधी बनलेले मात्र वर येतच राहतात. म्हणून अगदी योग्य औषध चालू असतानाही पहिल्या महिन्यात नवे मुरूम येतात. नेमक्या याच महिन्यात लोक कंटाळून ट्यूब बाजूला ठेवतात आणि ७ दिवसांवाल्याच्या हाती सापडतात.

ॲडापलीन या छिद्रं बुजू न देणाऱ्या औषधाच्या ०.१ टक्के जेलचं उदाहरण घ्या. पहिले २ ते ४ आठवडे कोरडेपणा, साल निघणं, कधी मुरूम थोडे वाढणं, हे सगळं अपेक्षित असतं. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करायचा, वाटाण्याएवढं जेल घ्यायचं, कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपके देऊन सगळीकडे पातळ पसरायचं. डोळ्यांचे, नाकाचे आणि ओठांचे कोपरे सोडायचे. फक्त फोडावर लावणं ही नेहमी होणारी चूक आहे, कारण औषधाचं काम अजून न दिसणाऱ्या फोडांवर आहे. सुरुवातीचे दोन आठवडे एक दिवसाआड लावा, आग होत असेल तर आधी मॉइश्चरायझर लावा. एका वेळी साधारण अर्धा ग्रॅम लागतं, म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरायला हवी. आठ दिवसांत ती संपत असेल तर आग औषधाच्या दोषाने होत नाहीये, प्रमाण चुकतंय. गर्भवती असाल किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर हे औषध नको.

बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरमांचे जंतू मारणाऱ्या औषधाचा परिणाम थोडा लवकर, ४ ते ६ आठवड्यांत जाणवू लागतो. २.५ टक्के सहसा पुरेसं असतं, १० टक्क्यांनी फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे वापरा, रंग उडतो. डॉक्सिसायक्लीनसारख्या अँटिबायोटिक गोळ्यांचा अंदाज ६ ते ८ आठवड्यांनी घेतात आणि त्या सहसा ३-४ महिन्यांच्या पुढे नेत नाहीत. हार्मोनवरच्या उपचारांना निदान ३ महिने द्यावे लागतात. तीव्र मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्यांचा कोर्स साधारण ४ ते ६ महिन्यांचा असतो, रक्ततपासण्यांसह. त्याने गर्भात गंभीर व्यंग होऊ शकतं, त्यामुळे हे औषध डॉक्टरांशिवाय विकणारा माणूस सरळसरळ धोकादायक आहे.

मुरूम गेल्यावर उरलेले तपकिरी किंवा लाल डाग हा वेगळा हिशेब. ते फिके व्हायला महिने लागतात आणि रोज सनस्क्रीन नसेल तर आणखी लांबतं. खड्डे कुठल्याही क्रीमने भरत नाहीत. "१५ दिवसांत खड्डे भरतील" असं सांगणारा खोटं बोलतोय.

आता विक्रेतेही हुशार झालेत. ते स्वतःच "धीर धरा, ३ महिने लागतात" असं सांगतात. परतीची मुदत ३० दिवसांची आणि "पूर्ण कोर्स" ९० दिवसांचा ठेवला की काम झालं. म्हणून नुसता कालावधी ऐकून विश्वास ठेवू नका. खरा उपचार सुचवणारा माणूस औषधाचं नाव आणि टक्केवारी सांगतो, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात काय दिसायला हवं ते सांगतो आणि नाही दिसलं तर पुढे काय बदलायचं तेही सांगतो. "गुप्त फॉर्म्युला" म्हणणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

दुसरी पळवाट "घाण बाहेर पडतेय" ही. औषधाने सुरुवातीला मुरूम वाढणं खरं आहे, पण ते ॲडापलीन, त्याच गटातलं ट्रेटिनॉइन किंवा ॲसिड असलेल्या उत्पादनांनी, नेहमीच्या जागी, साधारण पहिले काही आठवडे होतं. तेल, साबण किंवा लेप लावून एरवी कधी मुरूम न येणाऱ्या जागी फोड उठले, किंवा खाज आणि सूज आली, तर ती ॲलर्जी किंवा छिद्रं बुजल्याची खूण आहे. ते लावणं त्याच दिवशी थांबवा.

आधी-नंतरच्या दोन्ही फोटोंत डोळ्यांतलं प्रकाशाचं प्रतिबिंब एकाच जागी आहे का ते बघा. बाजूने उजेड पडला की प्रत्येक उंचवट्याची सावली दिसते, समोरून पडला की तोच चेहरा सपाट होतो.

एका बाबतीत १२ आठवडे थांबूच नका. खोल, दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील, किंवा चेहऱ्यामुळे घराबाहेर पडणंही नको वाटत असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. उशीर केल्याने पडलेले व्रण पुढे कुठल्याच औषधाने पूर्ण पुसता येत नाहीत.

अशी डबी आधीच वापरत असाल तर घाबरू नका, पण ती फेकूनही देऊ नका. पिशवीत घट्ट बंद करून, खोका, बिल आणि विक्रेत्याशी झालेल्या संदेशांसकट डॉक्टरांकडे न्या. आत काय असावं याचा अंदाज त्यावरून येतो, आणि औषध नियंत्रण खात्याकडे तक्रार करताना हाच पुरावा लागतो. किती महिने आणि किती वेळा लावलं ते खरं सांगा, कारण क्रीम एकदम बंद करायचं की हळूहळू, हे त्यावर ठरतं. बंद केल्यावर काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल, आग होईल. त्या काळात स्क्रब, लिंबू, ॲसिड, फेशियल सगळं बंद. सौम्य क्लीन्झर, बिनवासाचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध एवढंच ठेवा. "थोडंसं लावून बघू" म्हणून पुन्हा तीच डबी उघडलीत, तर दिवस पहिल्यापासून मोजावे लागतील.